रोझुव्हास्टॅटिन चालू असताना एचबीए१सी ५.९ वरून ६.४ झाली. गोळी बंद करावी का?

डिचोलीची_सून

नमस्कार मंडळी. सासऱ्यांबद्दल विचारायचं आहे. वय ६१, उंची १६६ सेंमी, वजन ७४ (अटॅकच्या वेळी ७०), कमरेचा घेर ९८ सेंमी. दहा महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक येऊन एक स्टेंट बसला. इकोत पंपिंग ५५ टक्के आहे. घरी बीपी १२६/७८ च्या आसपास असतं.

सकाळी: पँटोप्राझोल ४० उपाशीपोटी, टिकाग्रेलॉर ९० (रक्त पातळ करायची), मेटोप्रोलॉल सक्सिनेट ५०, टेल्मिसार्टन ४० + क्लोरथॅलिडोन १२.५ (बीपीची, एकच गोळी).
रात्री: टिकाग्रेलॉर ९० आणि एक कॅप्सूल, रोझुव्हास्टॅटिन २० + अ‍ॅस्पिरिन ७५.

एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आधी ११८ होतं, आता ५२. क्रिएटिनिन १.०, पोटॅशियम ३.४. अटॅकच्या वेळी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ५.९ होती, गेल्या आठवड्यात ६.४ आली. घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी ९८ ते १०६ आणि जेवणानंतर दोन तासांनी १३४, १४१ असे आकडे येतात.

हार्टच्या गोळीने डायबेटिस होतो असा एक व्हिडिओ पाहून त्यांनी नऊ दिवस रात्रीची कॅप्सूल बंद ठेवली आहे. "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, फक्त कोलेस्टेरॉलची थांबवली," असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांची तारीख तीन आठवड्यांनी आहे. स्टॅटिनने खरंच शुगर होते का? होत असेल तर डोस कमी करायचा की गोळी बदलायची? बाकीच्या गोळ्यांचं काय? खाणं नेहमीचंच आहे: साडेदहाला पेज, दुपारी उकड्या तांदळाचं शीत (भात) आणि हुमण (माशांची आमटी), संध्याकाळी चहा-पोई (गोव्याचा पाव), रात्री परत शीत.

---

स्ट्रिपवाचक_म्हापसा

ताई, शुगरचं नंतर बघू. आधी ही कॅप्सूल.

त्यात अ‍ॅस्पिरिनही आहे. म्हणजे सासऱ्यांनी 'फक्त कोलेस्टेरॉलची' थांबवली नसून स्टेंटसाठीच्या दोन गोळ्यांपैकी एक नऊ दिवस बंद आहे. तीन आठवडे थांबू नका, आजच डॉक्टरांना फोन करून हे नेमकं याच शब्दांत सांगा: "रोझुव्हास्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन, दोन्ही नऊ दिवस बंद, टिकाग्रेलॉर चालू." काही रुग्णांत डॉक्टर ठरवून अ‍ॅस्पिरिन काढतात आणि एकट्या टिकाग्रेलॉरवर ठेवतात. पण ते त्यांनी रुग्ण बघून ठरवायचं असतं, ते आपसूक होऊ द्यायचं नसतं.

काउंटरवर हा घोळ फार होतो, कारण आपल्याकडे जोडगोळ्यांची रेलचेल आहे. स्टॅटिन-अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन-अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल, स्टॅटिन-एझेटिमाइब, सगळं एकेका कॅप्सूलमध्ये मिळतं. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि आत काय आहे ते बारीक अक्षरांत. बीपीच्या गोळ्यांच्या नावापुढची शेपटी वाचायची सवय लावा: 'एच' म्हणजे बहुतेक वेळा हायड्रोक्लोरोथायाझाइड, 'सीटी' किंवा 'सीएच' म्हणजे क्लोरथॅलिडोन, 'एएम' म्हणजे अ‍ॅमलोडिपिन. यातल्या पहिल्या दोघांचा शुगरशी संबंध आहे, तिसऱ्याचा नाही. स्ट्रिप कापून दोन-चार गोळ्या घेता तेव्हा नावाचा तुकडा दुकानातच राहतो. म्हणून पूर्ण स्ट्रिप घ्या, नाहीतर मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा.

स्टॅटिन बंद केल्यावर एलडीएल दोन ते चार आठवड्यांत पूर्वीच्या जागी येतं. नऊ दिवसांत वाटेवर असेलच.

---

दोतोर_फोंडा

वरचं शंभर टक्के. आता मूळ प्रश्न.

होय, स्टॅटिनने शुगर थोडी वाढते. हा काही व्हिडिओवाल्याचा शोध नव्हे. २००८ च्या ज्युपिटर चाचणीत १७,८०२ लोक होते आणि डोस तुमच्या सासऱ्यांचाच, रोझुव्हास्टॅटिन २०. नव्याने मधुमेह झालेले औषधाच्या गटात २७० आणि नकली गोळीच्या गटात २१६. २०१० मध्ये १३ चाचण्या आणि ९१,१४० लोक एकत्र धरून हिशेब झाला: २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं तर मधुमेहाचा एक रुग्ण जास्त. २०१२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने हे औषधाच्या लेबलवर घालायला लावलं. म्हणजे लपवलेलं काहीच नाही.

२०२४ चा मोठा एकत्रित अभ्यास जास्त कामाचा आहे, कारण त्यात डोसप्रमाणे वेगळे आकडे मिळतात. कमी आणि मध्यम डोसला नवीन मधुमेहाचं प्रमाण वर्षाला १.२ टक्क्यांवरून १.३ वर गेलं. मोठ्या डोसला (रोझुव्हास्टॅटिन २० त्यातच येतं) ३.५ वरून ४.८ वर. मोठ्या डोसच्या चाचण्यांत रक्त जास्त वेळा तपासलं गेलं म्हणून दोन्ही गटांचे आकडे मोठे दिसतात, पण फरक खरा आहे. आणि जास्तीचे जे रुग्ण सापडले त्यातले सुमारे ६२ टक्के आधीपासूनच शुगरच्या वरच्या पाव भागात होते. म्हणजे उंबरठ्यावर उभे असलेलेच आत गेले. ५.९ हा उंबरठाच. ज्युपिटरच्या माहितीवर पुढे काम झालं त्यात मधुमेहाचं निदान औषधाच्या गटात सरासरी ५.४ आठवडे आधी झालेलं दिसलं.

कारण काय? स्टॅटिन यकृतात ज्या एन्झाइमला अडवतं त्याच एन्झाइमचं काम जन्मजात थोडं कमी असलेल्या लोकांतही वजन आणि साखर किंचित जास्त आढळते, हे २०१५ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. त्यामुळे एक ब्रँड सोडून दुसरा घेतला की प्रश्न सुटला, असं होत नाही.

आता माझ्या डोळ्यांत खुपलेली गोष्ट. त्याच २०२४ च्या अभ्यासात मोठ्या डोसने एचबीए१सी सरासरी किती वाढली? ०.०८. तुमच्याकडे वाढ आहे ०.५ ची. सरासरी ती सरासरी, एखाद्यात जास्त वाढेलही. तरी अख्खं खापर स्टॅटिनवर फोडलं तर उरलेलं कारण शोधायचं राहून जाईल. चार किलो वजन वाढलंय, पोटॅशियम ३.४ आहे, आणि एचबीए१सी घरच्या आकड्यांशी जुळत नाही. माझा संशय या तिन्हींवर आहे.

डोसबद्दल. अटॅकनंतर एलडीएल ५५ च्या खाली ठेवायचं असतं, ते ५२ आहे. नुसता स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी ६ टक्केच उतरतं. उलट एझेटिमाइब १० (कोलेस्टेरॉलचंच, पण स्टॅटिन नसलेलं औषध) जोडलं तर १५ ते २० टक्के उतरतं, आणि शुगरला त्याचा त्रास नाही. कोरियातल्या रेसिंग चाचणीत (२०२२, ३,७८० रुग्ण, तीन वर्षं) रोझुव्हास्टॅटिन १० + एझेटिमाइब १० ही जोडी एकट्या रोझुव्हास्टॅटिन २० पेक्षा हृदयाच्या बाबतीत मागे पडली नाही, आणि त्रास होतो म्हणून औषध सोडणारे किंवा डोस कमी करावा लागलेले ४.८ टक्के विरुद्ध ८.२ टक्के होते. ती चाचणी शुगरसाठी आखलेली नव्हती, हेही लक्षात असू द्या. तुमच्या कार्डिओलॉजिस्टना ही जोडी चालेल का, असं विचारण्यात काही गैर नाही. मात्र 'बंद' हा पर्याय या माणसासाठी टेबलावरच नाही. स्टेंट एका जागी बसतो, बाकीच्या रक्तवाहिन्या गोळीच सांभाळते.

अ‍ॅटोरव्हास्टॅटिनवर जायचं का, हा पुढचा प्रश्न येईलच. कोरियातल्याच दुसऱ्या चाचणीत (२०२३, ४,४०० रुग्ण) औषध सुरू करावं लागेल इतका मधुमेह रोझुव्हास्टॅटिनवर ७.२ टक्क्यांना आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिनवर ५.३ टक्क्यांना झाला. एलडीएल मात्र रोझुव्हास्टॅटिनने थोडं जास्त उतरलं. माझं मत, निव्वळ एवढ्यासाठी गोळी बदलण्यापेक्षा एझेटिमाइबची वाट बरी.

---

सत्तरीकर

डॉक्टर, माझाही प्रश्न यातच घालतो. बीपीच्या गोळ्यांनी शुगर वाढते का? मेटोप्रोलॉलबद्दल ऐकलंय. आणि पोटॅशियमवर का बोट ठेवलंत?

---

स्ट्रिपवाचक_म्हापसा

हे मी घेतो, डॉक्टर चुकलं तर कान धरतील.

क्लोरथॅलिडोन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड लघवीवाटे मिठाबरोबर पोटॅशियमही घालवतात. पोटॅशियम उतरलं की स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटतं. ऑलहॅट ही बीपीच्या औषधांची मोठी चाचणी २००२ मध्ये छापून आली. त्यात चार वर्षांनी नवीन मधुमेह क्लोरथॅलिडोनवर ११.६ टक्के, अ‍ॅमलोडिपिनवर ९.८ आणि लिसिनोप्रिलवर ८.१ टक्के होता. तरीही क्लोरथॅलिडोनवाल्यांचं हृदय काही जास्त बिघडलं नाही, म्हणून त्याला खलनायक करू नका. पण टेल्मिसार्टन पोटॅशियम धरून ठेवतं. ते सोबत असूनही ३.४ येत असेल तर विचारायला हवं: जुलाब होतात का? कुठलं रेचक चूर्ण चालू आहे का? उन्हात घाम गाळून काम होतं का? अटॅक येऊन गेलेल्या माणसात पोटॅशियम ४ च्या वर असलेलं बरं, ठोक्यांच्या गडबडीसाठीसुद्धा.

बीपी १२६/७८ असताना डॉक्टर टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोनऐवजी टेल्मिसार्टन-अ‍ॅमलोडिपिन देऊ शकतात. हा सगळ्यांत सोपा बदल, आणि मी असतो तर स्टॅटिनच्या आधी इथे हात घालायला सुचवलं असतं. पायाला सूज आली तर मात्र अ‍ॅमलोडिपिनकडे बघायचं. लगेच सूज उतरवायची गोळी मागायला येऊ नका, नाहीतर फिरून तिथेच.

मेटोप्रोलॉल आणि अ‍ॅटेनोलॉल शुगर थोडी चढवतात, कार्व्हेडिलॉल आणि नेबिव्होलॉल जवळजवळ नाही. २००४ च्या जेमिनी अभ्यासात आधीच मधुमेह असलेल्यांत मेटोप्रोलॉलने एचबीए१सी ०.१५ ने वाढली, कार्व्हेडिलॉलने जागची हलली नाही. ही गोळी कधीच एकदम तोडू नये. ठोके उसळतात, छातीत दुखू शकतं. थांबवायचीच असेल तर डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात. सत्तरीकर, तुम्हाला आधीच डायबेटिस असेल आणि ग्लिमेपिराइड (शुगर उतरवायची गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर एक लक्षात ठेवा: शुगर एकदम उतरली की धडधड आणि हात थरथरणं या गोळीमुळे दबतं, घाम मात्र फुटतो. विनाकारण दरदरून घाम आला की आधी बोट टोचून बघा.

---

दोतोर_फोंडा

कान धरायला जागा नाही. एवढीच भर: पंपिंग ५० च्या वर असलेल्यांना अटॅकनंतर बीटा ब्लॉकर (मेटोप्रोलॉलसारखी गोळी) किती दिवस द्यावा यावर सध्या चर्चा चालू आहे. २०२४ च्या रिड्यूस-एएमआय चाचणीत अशा ५,०२० रुग्णांत फायदा दिसला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चाचणीत मात्र चालू गोळी थांबवलेल्यांना हॉस्पिटलात जास्त वेळा यावं लागलं. वर्षाच्या भेटीत विचारण्यासारखा प्रश्न आहे, घरी ठरवण्यासारखा नाही.

---

रक्तपरीक्षक

इथे कोणी हिमोग्लोबिन विचारलंच नाही?

एचबीए१सी ६.४ म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर किती, हे काढता येतं: २८.७ गुणिले ६.४, वजा ४६.७. उत्तर १३७. घरी उपाशीपोटी १०० आणि जेवणानंतर १४० च्या आसपास असेल तर चोवीस तासांची सरासरी १३७ कशी येणार? यंत्राची चूक गृहीत धरली तरी अंतर बरंच आहे. अशा वेळी मी आधी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) बघतो. एचबीए१सी लाल पेशीच्या आयुष्यावर चालते. लोहाची कमतरता असली की पेशी जास्त दिवस फिरतात आणि आकडा खोटा चढतो. उलट रक्त चढवलं, नुकताच मोठा रक्तस्राव झाला किंवा पेशी लवकर फुटतात, तर आकडा खोटा उतरतो. हिमोग्लोबिनचा काही प्रकार जन्मजात वेगळा असेल तर आकडा कुठल्याही बाजूला चुकू शकतो.

ताई, सीबीसीमधले हिमोग्लोबिन, आरबीसी काउंट (लाल पेशी किती) आणि एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) हे तीन आकडे द्या.

---

डिचोलीची_सून

डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं. कॅप्सूल आज रात्रीपासून चालू करायला सांगितली आणि परवा बोलावलं आहे.

सीबीसी एचबीए१सीच्याच दिवशीचा आहे. हिमोग्लोबिन १०.१, आरबीसी ४.३, एमसीव्ही ७२. अटॅकच्या वेळच्या कागदावर हिमोग्लोबिन १३.६ होतं. हे कोणी दाखवून दिलं नव्हतं, मीही शुगरचंच पान बघत होते.

---

रक्तपरीक्षक

७२ भागिले ४.३ म्हणजे साधारण १६.७. हे उत्तर १३ च्या खाली असतं तर थॅलेसेमिया मायनरचा (जन्मजात रक्तदोषाचा) संशय घेतला असता. वर आहे आणि हिमोग्लोबिन दहा महिन्यांत साडेतीनने उतरलंय, म्हणजे लोह कमी पडतंय असं धरून चालायचं. खात्रीसाठी सीरम फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करा. ३० च्या खाली आलं तर शंका उरत नाही. हृदयरोग्यांत ते १०० च्या आत असलं तरी डॉक्टर ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (रक्तातून किती लोह वाहतंय) बघतात.

तर ती ६.४ सध्या बाजूला ठेवा. शुगर नाहीच असं मी म्हणत नाही. १०६ हा उपाशीपोटीचा आकडाही काठावरच आहे, १०० ते १२५ मधुमेहपूर्व धरतात. खरं चित्र ग्लुकोज टॉलरन्स टेस्टने कळेल, आणि ती नीट केली तरच:

आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं. भात सोडून गेलात तर निकाल खोटा वाढतो. रात्री ८ ते १० तास उपाशी, पाणी चालेल. पहिलं रक्त दिल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मिली पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. मेडिकलमध्ये मिळणारी पावडर बहुधा मोनोहायड्रेट असते, ती ८२.५ ग्रॅम घ्यावी लागते. लिंबू पिळलं तर ओकारी येत नाही. मग दोन तास बसून राहायचं. बाजार करून येतो, विडी ओढून येतो, असं नाही. दोन तासांनी १४० च्या आत नॉर्मल, १४० ते १९९ मधुमेहपूर्व, २०० आणि वर मधुमेह.

आणि रक्त घरी येऊन नेत असतील तर कुठल्या नळीत घेतात ते बघा. ग्लुकोजला करड्या टोपणाची फ्लोराइडची नळी लागते. साध्या नळीत पेशी साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. आपल्याकडच्या एप्रिल-मे मध्ये स्कूटरच्या डिकीतून दोन तास फिरलेल्या नळीतली साखर नॉर्मल आली तर तिच्यावर विसंबू नका.

---

दोतोर_फोंडा

थांबा, आता शुगर दुय्यम झाली.

६१ वर्षांचा पुरुष, दहा महिने अ‍ॅस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर, हिमोग्लोबिन १३.६ वरून १०.१ आणि लोहाची कमतरता. पुरुषात या वयात लोह खाण्यातून क्वचितच इतकं कमी पडतं. कुठूनतरी थेंबथेंब रक्त जातंय असं समजून शोधायचं असतं, जठरातून किंवा आतड्यातून. शौच डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची होते का, पोटात जळजळ, वजनात घट, मूळव्याध, गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या, हे सगळं आज विचारा. काळी शौच, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, धाप किंवा छातीत दुखणं यांपैकी काहीही असेल तर परवाची वाट बघायची नाही, सरळ कॅज्युअल्टी गाठायची.

यातलं काही नसेल तरी डॉक्टरांना आजच परत फोन करून हिमोग्लोबिनचे दोन्ही आकडे सांगा, कारण कॅप्सूल चालू करायला सांगताना ते त्यांच्यासमोर होते की नव्हते, आपल्याला माहीत नाही. दहा महिने झालेत, रक्त जात असेल तर दोनपैकी एक गोळी कमी करायचं ते ठरवू शकतात. २०१९ च्या ट्वायलाइट चाचणीत (७,११९ रुग्ण) तीन महिन्यांनंतर अ‍ॅस्पिरिन काढून एकट्या टिकाग्रेलॉरवर ठेवलेल्यांत रक्तस्राव ४.० टक्के आणि दोन्ही चालू असलेल्यांत ७.१ टक्के होता, आणि हृदयाच्या घटना वाढल्या नाहीत. त्यांनी अ‍ॅस्पिरिन काढायचं ठरवलं तर रोझुव्हास्टॅटिन वेगळी गोळी म्हणून लिहून घ्या. नाहीतर अ‍ॅस्पिरिनबरोबर स्टॅटिन परत बंद! वरून दुर्बीण आणि गरज पडली तर खालून कोलोनोस्कोपी, हे त्यांच्या आणि गॅस्ट्रोच्या सल्ल्याने. पँटोप्राझोल चालूच राहू दे.

लोहाची गोळी स्वतःहून सुरू करू नका. तिने शौच काळपट होते आणि मग खरी काळी कुठली ते कळेनासं होतं.

---

उकडें_शीत

खाण्याचं माझ्याकडे. थोडक्यात, कारण यांचं ताट मुळात वाईट नाही, प्रमाण बिघडलंय.

३० ग्रॅम कच्चा तांदूळ शिजला की साधारण एक लहान वाटी भात होतो, त्यात २२ ते २४ ग्रॅम कार्बोदकं. दुपारी दोन वाट्या पुरेत. उकडा तांदूळ सुरईपेक्षा (न उकडलेल्या तांदळापेक्षा) थोडा हळू पचतो, पण म्हणून चार वाट्या चालतात असं नाही. मी आधी काढीन ती रात्रीची शीतं: एक वाटी, बाकी भाजी आणि बांगडा किंवा तारले. तळून नको, तव्यावर किंवा हुमणात. हुमणाचा नारळ माणशी दोन चमचे किसापुरता ठेवा, कारण नारळातली चरबी एलडीएल वाढवणारी आहे. गोळीने उतरवायचं आणि हुमणाने चढवायचं, कशाला?

पेज पातळ म्हणून हलकी वाटते. पण तांदूळ मऊ शिजून फुटलेला असतो, साखर झपाट्याने वर येते. वर खारातली कैरी आणि सुकी मासळी, म्हणजे मिठाचा मारा. पेज हवीच तर अर्धा वाडगा, सोबत वाफवलेले मूग किंवा अळसांद्याची (चवळीची) उसळ. पोदेराच्या (पाववाल्याच्या) पोईला कोंडा लावलेला असला तरी आत बहुतेक ठिकाणी मैदाच असतो. अर्धी पोई, चहा बिनसाखरेचा. लोह कमी आहे म्हणून चहा जेवणापासून तासभर तरी लांब. सोलकढी नारळाशिवायची असेल तर चालेल. कोकमाचं सरबत म्हणजे पाक, ते नाही. चवथीच्या नेवऱ्यांना (करंज्यांना) बंदी घालून उपयोग नसतो. एक नेवरी जेवणाच्या शेवटी, आणि त्या जेवणात भात नाही.

वजन ५ ते ७ टक्के उतरवायचं असतं. ७४ किलोचे ५ टक्के म्हणजे ३.७, म्हणजे अटॅकनंतर चढलेले चार किलोच. चेन्नईच्या मधुमेह प्रतिबंध चाचणीत (२००६) खाणं-चालणं बदलून मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला आणि मेटफॉर्मिन २५० दिवसातून दोनदा घेऊन २६.४ टक्क्यांनी. चालायला डॉक्टरांची परवानगी मिळाली, आणि हिमोग्लोबिनचा उलगडा झाला, की प्रत्येक जेवणानंतर १० ते १५ मिनिटं. एकदम तासभर पहाटे चालण्यापेक्षा जेवणानंतरची साखर याने जास्त दबते. मधुमेह नको असेल तर हे गोव्यात जास्तच लागू: २०२३ मध्ये छापून आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशाचं प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्याचं २६.४, सगळ्या राज्यांत वरचं.

---

डिचोलीची_सून

परत फोन केला. काळी शौच नाही, चक्कर नाही. पण गुडघ्यासाठी अधूनमधून डायक्लोफिनॅक घेत होते असं आता सांगतात. डॉक्टरांनी उद्याच बोलावलंय. काय काय न्यायचं?

---

स्ट्रिपवाचक_म्हापसा

डायक्लोफिनॅक! दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर ही तिसरी म्हणजे जठराला आगच. शिवाय ती बीपी चढवते, मूत्रपिंडाला दमवते आणि हृदयरोग्याला मुळातच वर्ज्य आहे. आजपासून बंद. गुडघ्याला फार दुखलं तर पॅरासिटामॉल ५००, तेही उद्या विचारून.

न्यायचं ते असं. सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून, डायक्लोफिनॅकची आणि ती चूर्णं-काढे असतील तर तीही. डिस्चार्ज कार्ड, स्टेंटचं कार्ड, दोन्ही सीबीसी एकाखाली एक लावून. एका कागदावर वेगळं लिहा: कॅप्सूल कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत बंद होती, डायक्लोफिनॅक आठवड्यात किती, ग्लुकोमीटरचे आकडे वेळेसकट. खाली प्रश्न लिहा. अ‍ॅस्पिरिन राहणार की जाणार, आणि गेलं तर स्टॅटिन वेगळं लिहून द्याल का? क्लोरथॅलिडोनऐवजी अ‍ॅमलोडिपिन चालेल का, पोटॅशियम परत कधी करायचं? रोझुव्हास्टॅटिन १० + एझेटिमाइब १० वर कधी जाता येईल? फेरिटिन आणि शौचाची तपासणी लोह सुरू करण्याआधी करायची ना?

ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, म्हणून क्रम हाच ठेवा. शुगरची टॉलरन्स टेस्ट शेवटी विचारा, ती दोन आठवड्यांनी झाली तरी काही बिघडत नाही. आणि लोह सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.० आली तर कोणी व्हिडिओवाला श्रेय घ्यायला येईल, तेव्हा सासऱ्यांना हे दोन सीबीसी दाखवा.

---

रक्तपरीक्षक

आणि पुढची एचबीए१सी त्याच लॅबमध्ये, त्याच मशिनवर. दोन वेगळ्या लॅबमध्ये ०.२ ते ०.३ चा फरक सहज पडतो.